विंड क्विंटेट, तंतुवाद्यं की हार्प? फ्लूटवादकाने कुणाबरोबर बसावं

ऑर्केस्ट्रात फ्लूटच्या जागा दोन-तीन, आणि एकदा भरल्या की वर्षानुवर्षं रिकाम्या होत नाहीत. त्यामुळे पाश्चात्त्य फ्लूट नेटाने शिकलेला माणूस आज ना उद्या चेंबर म्युझिककडे वळतोच: मोजके वादक, प्रत्येक ओळीला एकच जण, समोर कंडक्टर नाही. ग्रुप निवडताना बहुतेक जण कुणासाठी किती रचना आहेत ते आधी बघतात. मला विचाराल तर आधी हे बघावं, की सूर जुळेनासा झाला की माघार कुणी घ्यायची. बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं.

विंड क्विंटेटमध्ये फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि फ्रेंच हॉर्न. पाचही फुंकवाद्यं, पण पाच स्वभावांची. फ्लूट जोरात फुंकली की सूर चढतो, हलकी फुंकली की उतरतो. क्लॅरिनेटचं नेमकं उलटं. म्हणजे सगळ्यांनी मिळून आवाज वाढवायला घेतला की हे दोघे विरुद्ध दिशांना निघतात, आणि ओबो मध्ये आपल्या जागी ठाम. तेव्हा माघार बहुतेक वेळा फ्लूटनेच घ्यायची, कारण ओठांच्या कोनाने सूर हलवणं तिलाच सगळ्यात सोपं जातं. शिवाय फ्लूटचं खालचं सप्तक हॉर्नपुढे सहज बुडतं. तिथे जोर लावून उपयोग नसतो, बाकीच्या चौघांना आवाज कमी करायला सांगावं लागतं, आणि हे सांगायला पहिले काही महिने जीभ रेटत नाही.

या प्रकाराला साहित्य भरपूर आहे. पॅरिसमध्ये आंतोन राइखाने 1810च्या दशकात क्विंटेट (या पाच वाद्यांच्या रचनेलाही हेच नाव) लिहायला घेतले ते चोवीस होईपर्यंत थांबला नाही. पॉल ताफानेल स्वतः फ्लूटवादक. त्याचा क्विंटेट 1876चा, आणि फुंकवाद्यांच्या चेंबर संगीतासाठी त्याने 1879मध्ये पॅरिसमध्ये संस्थाच काढली. माझा कौल मात्र कार्ल निल्सनच्या 1922च्या क्विंटेटला. कोपनहेगनच्या पाच वादकांचे स्वभाव डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलाय. पुढे त्या प्रत्येकासाठी एकेक कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वाद्याने वाजवायची रचना) लिहायचं निल्सनच्या मनात होतं. फ्लूटचा 1926मध्ये झाला, क्लॅरिनेटचा 1928मध्ये, आणि 1931मध्ये तो गेला. ओबो, बसून, हॉर्नवाले तसेच राहिले.

आता तंतुवाद्यं. व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांच्यात फ्लूट बसली की जावयासारखी सरबराई होते. तिघांच्याही बोटांखाली पडदे नाहीत, त्यामुळे तुमचा सूर किंचित चढला तर ते गुपचूप जुळवून घेतात. मोत्सार्टच्या डी मेजर क्वार्टेटचा (के. 285) संथ भाग काढून बघा. तिघे तारा छेडत राहतात आणि वर एकटी फ्लूट गाते. वाजवणाऱ्याला याहून सुखाची जागा मिळणं कठीण. गंमत अशी की ही मागणी मोत्सार्टने जरा कंटाळतच पुरी केली. डच ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टरकी केलेल्या फेर्दिनांद दे जां या हौशी वादकाने कॉन्चेर्तो आणि क्वार्टेटसाठी दोनशे गुल्डन कबूल केले होते. काम अर्धवट राहिलं आणि हातात शहाण्णव पडले.

पण सरबराईचा तोटाही आहे. माघार घ्यायची वेळ येत नाही, म्हणून ती घ्यायला शिकणंही होत नाही. दुसरं म्हणजे तंतुवाद्यवाल्यांचं खरं घर स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो. हायड्नपासून बार्टोकपर्यंतचा तो सगळा खजिना तुमच्याविना चालतो. मोत्सार्ट झाला, बीथोव्हेनची फ्लूट-व्हायोलिन-व्हायोलाची सेरेनेड (ओपस 25) झाली, की पुढच्या कार्यक्रमाला ते तुम्हाला बोलावतीलच असं नाही.

फ्लूट, व्हायोला आणि हार्प हे त्रिकूट देब्युसीच्या 1915च्या सोनाटामुळे रुजलं. आधी त्याच्या मनात व्हायोलाच्या जागी ओबो होता. ते बदललं हे फार बरं झालं. व्हायोलाच्या धुरकट स्वरात फ्लूटचं खालचं सप्तक शेवटी ऐकू येतं. नंतर बॅक्स, गुबाइदुलिना, ताकेमित्सू यांनीही याच त्रिकुटासाठी लिहिलं. इथे हार्पचा सूर वाजवताना हलत नाही, म्हणजे माघार पुन्हा तुमची आणि व्हायोलाची. शिवाय सत्तेचाळीस तारांचं ते धूड जिन्यावरून चढवायचं कुणी, हा प्रश्न सूर जुळवण्याइतकाच गंभीर आहे.

शोनबर्गच्या 1912च्या ‘पिएरो ल्युनेर’वरून आलेला संच, म्हणजे फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो, हा नव्या संगीताची ओढ असणाऱ्यांसाठी. पिकोलो (लहान, उंच सुराची फ्लूट) हवीच, पुढे आल्टो फ्लूटही (मोठी, खालच्या सुराची) घ्यावी लागेल, आणि मात्रा मोजण्यात अर्धी तालीम जाईल. ज्यांना यात मजा येते त्यांना सल्ल्याची गरज नसते.

‘सगळंच करतो की,’ असं म्हणणाऱ्यांना फ्रेंच फ्लूटवादक झां-पिएर रांपालचं उदाहरण आठवतं. त्याने रोबेर वेरों-लाक्रुआबरोबर अनेक वर्षं पियानो आणि हार्प्सिकॉर्डच्या साथीने वाजवलं, लिली लास्किनच्या हार्पबरोबर वाजवलं, पुलँकचा सोनाटा 1957मध्ये स्ट्रासबुर्गला खुद्द पुलँकच्या साथीने सादर केला, आणि पंडित रविशंकरांनी तोडी रागावर बांधलेली फ्लूट-हार्पची रचनाही वाजवली. पण 1940च्या दशकात तो पिएर्लो, लांसलो वगैरे मित्रांबरोबर क्विंटेटमध्ये होता, हे विसरू नये. इतरांचा श्वास ऐकायची सवय अशा बैठकीत लागते.

हे सगळं युरोपात बसून ठरवणं सोपं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तरी तिच्यातही बरेच वादक परदेशातून येतात. गोव्यात चर्चच्या शाळांमुळे व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, त्यामुळे मोत्सार्टसाठी माणसं जमतील. बसूनवाला शोधताना मात्र दमछाक होईल. तोवर बसूनची ओळ चेलोला द्या. दोघांचीही बहुतेक ओळ बेस आणि टेनर क्लेफमध्येच (क्लेफ म्हणजे ओळींवरचे सूर कोणते ते ठरवणारं चिन्ह) असते, त्यामुळे नवी प्रत करावी लागत नाही. शुद्धतावाद्यांना चालणार नाही, तालमीला चालतं.

तेव्हा हातात पाच वर्षं असतील आणि शहरात माणसं असतील, तर क्विंटेटच. दोन महिन्यांत कार्यक्रम करायचा असेल तर तंतुवाद्यं, आणि त्यात कमीपणा काही नाही. चार-पाच जण जमतच नसतील तर एक क्लॅरिनेटवाला गाठा आणि व्हिला-लोबोसचा ‘शोरोस क्रमांक 2’ काढा. दोनच वाद्यं, आकाराने लहान. पण त्यातली एक चढणारी आणि एक उतरणारी, त्यामुळे क्विंटेटमध्ये आपलं जमेल की नाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं.