डाव्या डेकचा टेम्पो फेडर गेला: डीजे कंट्रोलर वर्षभर वापरल्यानंतर

दोन चॅनलच्या या एंट्री-लेव्हल कंट्रोलरचे (लॅपटॉपमधली दोन गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र) स्पेक्स तुम्हाला पाठ असतील, त्यामुळे पॅड किती आणि जॉग व्हील केवढं यात मी जात नाही. लिहायला बसलो ते डाव्या डेकच्या टेम्पो फेडरमुळे, म्हणजे त्या बाजूच्या गाण्याचा वेग कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीमुळे. वर्ष व्हायच्या आत तो नाचायला लागला. हात न लावताही स्क्रीनवर बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके) १२४.०, १२४.३, १२३.८ असा आकडा हलत राहायचा. सर्व्हिस सेंटरला नेला. फेडरची झीज वॉरंटीत बसत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल, ९ हजार होतील, असं उत्तर मिळालं. २६ हजारांच्या वस्तूला ९ हजार! मी नाही म्हणालो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, सिंक लावून वाजवा ना. फेडर आता कोण हलवतंय?"

त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. सिंक हे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण, ते दाबलं की फेडरची गरजच नाही. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. कंट्रोलर बनवणाऱ्यांनाही तेच वाटतं, हे यंत्राकडे नुसतं बघितलं तरी कळतं. सिंकचं बटण उजळ, सहज बोट पोचेल अशा जागी. टेम्पो फेडर मात्र कोपऱ्यात आणि जेमतेम बोटभर लांब. १२८ बीपीएमच्या ट्रॅकला रेंज (फेडर टोकाला नेल्यावर वेग किती बदलेल ती मर्यादा) ±१६ टक्के ठेवली तर त्या बोटभर पट्टीत ४१ बीपीएम कोंबलेले असतात. मिलिमीटरभर सरकलं की अर्ध्या बीपीएमहून जास्त फरक पडतो. दोन ट्रॅकमध्ये अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला तर अर्ध्या मिनिटात पाव बीट सरकते आणि किकवर किक (ड्रमचा जड ठोका) आदळू लागते. रेंज ±६ केली की काम सुधारतं, तरी टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलचा (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा) लांब फेडर ज्याने एकदा हाताळला आहे त्याला हे चिमटीत पकडायचं खेळणंच वाटेल. ते टर्नटेबल १९७९ सालचं आहे. इतक्या वर्षांत नवशिक्याच्या हातातला फेडर आखूड होत गेला, ही प्रगती मला मान्य नाही.

आता मूळ मुद्दा. हौशी डीजेंनी इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमधलं अस्सलपण पातळ केलं, असं जुने डीजे सर्रास म्हणतात. लॅपटॉप, कंट्रोलर आणि सिंक आला, कोणीही उठून डीजे झाला, म्हणून सगळे सेट सारखे वाजतात, असा तो युक्तिवाद. पहिले काही महिने मलाही तो पटत होता. कॉलेजचा फेस्ट घ्या, सोसायटीची थर्टीफर्स्ट घ्या, नाहीतर कोणाची संगीत-हळद: तोच बिल्डअप, तोच स्नेअर रोल, तोच ड्रॉप. ऑनलाइन ट्रॅक विकणाऱ्या बीटपोर्टच्या टॉप १०० मधले ट्रॅक, त्यांचेच बूटलेग (बिनपरवाना रिमिक्स).

मग मी माझे सेट रेकॉर्ड करून ऐकायला लागलो आणि मत बदललं. हाताने जुळवलेला मिक्स कुठला आणि सिंकवरचा कुठला, हे ऐकणाऱ्या मित्रांना ओळखता येईना. म्हणजे सिंकमुळे मिक्स बिघडत नाही. बिघाड आहे तो प्लेलिस्टमध्ये. सिंक चालतो बीटग्रिडवर. सॉफ्टवेअर ट्रॅक तपासतं, बहुतेक वेळा एक ठरावीक टेम्पो धरतं आणि त्यावर रेघा आखतं. ड्रम मशीनवर बनलेल्या ट्रॅकवर त्या रेघा अचूक बसतात. पण सत्तरच्या दशकातलं, अख्ख्या ऑर्केस्ट्राने एकत्र बसून वाजवलेलं गाणं घ्या. वादक माणसं आहेत, अंतऱ्यात जरा पुढे जातात, मुखड्याला मागे येतात. मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग तर चढतच जातं. तिथे ग्रिड घसरतो, सिंक लावला की कचरा होतो. ग्रिड हाताने दुरुस्त करता येतो, पण एका गाण्याला अर्धी संध्याकाळ जाते. मग काय होतं? असं गाणं पुढच्या सेटमधून गळतं. कोणी सांगत नाही, कोणी ठरवत नाही. उरतात ती ग्रिडवर बसणारी गाणी. माझ्या लायब्ररीतूनही अशीच गाणी बाहेर गेली होती.

म्हणून हौशी लोकांना दोष देणं मला आता पटत नाही. या संगीतातलं बरंच नवं हौशी आणि उपऱ्या लोकांनीच आणलं आहे. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून आलेलं यंत्र. ते चाललं नाही आणि सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या फ्युचर या ग्रुपमधल्या पोरांनी त्याची बटणं वाटेल तशी फिरवली आणि १९८७ मध्ये त्यांच्या रेकॉर्डमधून अ‍ॅसिड हाऊस हे नाचाचं नवं संगीत लोकांपर्यंत पोचलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले होते. ते क्लबमधले डीजे नव्हते, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक होते. ती एलपी तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. आणि हे लक्षात घ्या: ३०३ आणि ८०८ एकाच ठोक्यावर चालावीत म्हणून रोलँडने सिंकची सोय तेव्हाच दिली होती. सिंक होता, तरी संगीत नवं निघालं, कारण त्यात घातलेला माल भैरवाचा आणि ललतचा होता.

गोव्याचं उदाहरण तर उलट बाजूचं. हणजूण, वागातोरच्या पार्ट्यांत डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे. नेहमीच्या डॅट मशीनला वेग कमीजास्त करायची सोय नसायची, त्यामुळे बीट जुळवणं शक्यच नव्हतं. एका ट्रॅकची ठोके नसलेली अखेर दुसऱ्याच्या ठोके नसलेल्या सुरुवातीत मिसळायची. गोवा ट्रान्स या तिथल्या संगीतातल्या त्या लांबलचक, तरंगत्या सुरुवातींना यंत्राची ही अडचण मानवली. यंत्र संगीताला वळण देतंच, फक्त त्या वळणाकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं.

आपल्याकडचे गणपती-हळदीवाले डीजे याच वादात नेहमी शिव्या खातात. आवाजाच्या भिंतीबद्दलच्या शिव्या मला मंजूर आहेत, हृदयाचे रुग्ण आणि तान्ही मुलं असलेल्या घरांवर तो अन्याय आहे. पण संगीताचं म्हणाल तर एखाद्या तालुक्याच्या गावातला पोरगा हलगी आणि संबळ किकच्या खाली नाही, किकच्या जागी ठेवतो तेव्हा मी थांबून ऐकतो. असं महागड्या क्लबात मला क्वचित ऐकायला मिळालं आहे. दुःख एवढंच की एकाचा हलगी लूप गाजला की पेनड्राइव्हवरून शंभर जण तोच उचलतात, फक्त मध्ये ओरडणाऱ्या आवाजातलं डीजेचं नाव बदलतं. स्वतः माइक घेऊन हलगीवाल्यासमोर उभं राहायला किती वेळ लागतो? रेकॉर्डर तर प्रत्येकाच्या खिशात आहे.

फेडरचं पुढे काय झालं तेही सांगतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करून एक रिपेअरवाले काका गाठले. त्यांनी उघडून बघितलं, आत धूळ आणि झिजलेली कार्बन पट्टी. म्हणाले, "बोर्डाला काय झालंय? बोर्ड ठणठणीत आहे." तशाच मापाचा फेडर शोधून बसवला, मजुरी धरून ६५० रुपये घेतले. आता आकडा स्थिर आहे. फेडर पूर्वीपेक्षा किंचित जड चालतो आणि मला तो तसाच जास्त आवडतो.

बाकीचं थोडक्यात. साउंड कार्ड या किमतीत चांगलं आहे, हेडफोनचा आवाज मात्र कमी पडतो. क्रॉसफेडरला (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) अजून काही झालेलं नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकखाली 'याच्याशी जुळणारे' म्हणून पुढचे ट्रॅक सुचवतं, ती खिडकी मी कायमची बंद केली आहे, कारण ती बीपीएम आणि गाण्याची की (सूरपट्टी) बघून ओळीने एकाच जातीचं सुचवते.

घ्यायचा असेल तर घ्या, शिकायला पुरेसा आहे. दुकानात मात्र सिंक बंद करून, रेंज ±६ ठेवून, दोन्ही फेडर सावकाश टोकापासून टोकापर्यंत सरकवून आकडा उडी मारतो का ते बघा. सोबत पेनड्राइव्हवर हाताने वाजवलेलं एखादं जुनं गाणं न्या आणि ते दुसऱ्या ट्रॅकशी स्वतः जुळवून बघा. विक्रेता घाई करेल, करू द्या.