जे. जे.च्या इतिहासाचा शनिवारचा वर्ग : सहा महिन्यांनंतरचा अनुभव

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा इतिहास आणि तेथील अभ्यासक्रम या विषयावरचा शनिवारचा वर्ग मी सहा महिने केला. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. 24 व्याख्यानांचे शुल्क 6,000 रुपये होते, म्हणजे एका शनिवारचे 250 रुपये पडले. जमशेटजी जीजीभॉय यांची एक लाखाची देणगी आणि 1857 मधील स्थापना सर्वांना ठाऊक असल्याने थेट तक्रारीकडे येतो.

ती तक्रार छापील टिपणांची आहे. जे. जे.चे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करून घेतल्या, पेस्तनजी बोमनजी त्यांपैकीच एक, आणि लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. त्या काळच्या छायाचित्रात रंग उतरत नव्हता, म्हणून या मुलांनी लेण्यांच्या अंधारात वर्षानुवर्षे कुंचला चालवला. आणि आम्हाला मिळाली ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची आठ पाने, ज्यांत अजिंठ्याचा लाजवर्दी निळा आणि गेरूचा तांबडा एकाच राखाडी छटेत बुडाले होते. मी दोनदा फोन केला, एकदा लेखी अर्ज दिला. रंगीत छपाई परवडत नाही, असे उत्तर आले. दहा रुपये पानाने हा खर्च माणशी 80 रुपयांचा होता. चित्रकलेच्या वर्गात रंग परवडत नाही, हे मला आजही पटत नाही.

दहाव्या शनिवारनंतर शुल्क परत मागण्याचे जवळजवळ ठरवले होते. त्या आठवड्यात मात्र सरांनी आम्हाला क्रॉफर्ड मार्केटच्या दारासमोर उभे केले आणि जे. जे.चेच एके काळचे शिक्षक लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली शेतकऱ्यांची उत्थित शिल्पे (भिंतीच्या दगडातून उठून दिसणारी) दाखवली. मंडईत मी तीस वर्षे भाजी घेत आलो, पण मान वर करून कधी पाहिले नव्हते. त्यानंतरची दोन व्याख्याने 1891 मध्ये सुरू झालेल्या रे आर्ट वर्कशॉप्सवर, म्हणजे जे. जे.तील हस्तकलांच्या कार्यशाळांवर, होती. जे. जे. म्हणजे धुरंधर, गायतोंडे, रझा, तय्यब मेहता हे तिथे शिकलेले चित्रकार, एवढेच माझ्या मनात होते. चित्रकला आणि शिल्पकलेच्या बरोबरीने मृत्कला, धातुकाम, वस्त्रसंकल्प आणि अंतर्गत सजावट हे विषय तेथे पदवीला का आहेत, हे तेव्हा उमगले. पायाभूत वर्षानंतर विद्यार्थी यांतून आपली शाखा घेतो. वास्तुकला आणि उपयोजित कला यांच्या संस्था 1958 मध्ये वेगळ्या झाल्या आणि 2023 मध्ये अभिमत विद्यापीठात पुन्हा एकत्र आल्या, हा भाग शेवटच्या व्याख्यानात घाईने उरकला. नात प्रवेशपरीक्षेची तयारी करत असल्याने मला त्यावर आणखी एक शनिवार हवा होता.

अजिंठ्याची आठही पाने मी अखेर स्वतःच्या खर्चाने रंगीत छापून घेतली. ती नातीच्या टेबलासमोर लावली आहेत. दुसऱ्या सत्राचा अर्ज माझ्याकडे भरलेला आहे. टिपणे रंगीत मिळतील, असे लेखी कळवल्यावरच तो देणार आहे.