लाकूडकामाचा लेथ, काही महिन्यांनंतर: वेळ नेमका कुठे जातो

टेबलावर मावणारा, वेग कमी-जास्त करता येणारा हा छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने कातायचं, गोल आकार द्यायचं यंत्र. यंत्राबद्दल तक्रार नाही. मोटर कुरकुरत नाही, टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) सरळ रेषेत बसतं, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) घट्ट राहते. पण नवीन घेणाऱ्याला कामांचा अंदाज यावा म्हणून लिहितोय, कारण जी कामं पटकन होतील असं वाटतं, तीच सगळा वेळ खातात.

वाटीच घ्या. बाहेरचा आकार भराभर येतो, खरी कसोटी आतल्या बाजूला. आडव्या रेषांच्या लाकडात दर फेऱ्याला दोनदा तंतूंची टोकं हत्यारासमोर येतात आणि तिथेच लाकूड उपटलं जातं. हे ओरखडे सँडपेपरने घालवायला गेलं की संध्याकाळ संपते. त्यापेक्षा गौजला (पन्हळीसारख्या पात्याच्या हत्याराला) ताजी धार लावायची, बेव्हल (धारेमागचा तिरका भाग) लाकडावर टेकवायचा आणि शेवटचा हात अगदी हलका मारायचा. आणखी एक: काठ आधी पूर्ण करून मगच खाली उतरा. आत पोखरलं की लाकडातला ताण सुटतो, काठ किंचित लंबगोल होतो, आणि मग परत वर गेलात तर हत्यार ठोकरतं.

ओल्या लाकडाला तर संयमच हवा. पहिल्यांदा कातताना वाटीची भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवतात. २० सेंमीच्या वाटीला २ सेंमी. मग कागदी पिशवीत ठेवून महिनोन्महिने सुकवायची. अधूनमधून वजन करा. घटायचं थांबलं की सुकली. वर्षवलयांच्या कडेकडेने लाकूड वलयांच्या आरपार दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, म्हणून गोल वाटी अंडाकृती होते. ती जाडी ठेवलेली असते ती दुसऱ्यांदा कातताना गोलाई परत आणायला.

झाकणाची डबी मला सगळ्यात आवडते आणि सगळ्यात जास्त रखडवते. केसाएवढं जास्त निघालं की झाकण सैल. थोडं कातायचं, लेथ थांबवायचा, बसवून बघायचं, पुन्हा सुरू. आज घट्ट बसलेलं झाकण हवा बदलली की अडकतं, म्हणून ओबडधोबड कातून दोन्ही भाग काही दिवस पडू द्यावेत.

स्टुलाचे चार पाय एकसारखे काढणं हे कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) आणि खुणांची पट्टी असेल तरच जमतं.

धार लावायचा वेळ कुणी धरतच नाही. दुसरं हत्यार घेण्याआधी कमी वेगाचा ग्राइंडर आणि कोन धरणारा जिग घ्या.