गेमिंग सबस्क्रिप्शनचे पैसे वसूल होतात का? माझा अनुभव आणि मत

नवीन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घेतला की हा प्रश्न येतोच, आणि उत्तरं पण ठरलेली, एकजण म्हणतो डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो निव्वळ लूट आहे. मी सोनीचं प्लेस्टेशन प्लस, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं गेम पास आणि निनटेंडो स्विच ऑनलाइन असं तिन्ही आलटून पालटून वापरलंय आणि माझं म्हणणं एवढंच की या एका बिलात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून दिल्यात, एक ऑनलाइन खेळायची परवानगी आणि दुसरी भाड्याने मिळणारी गेमची लायब्ररी. त्या सुट्या करून बघितल्याशिवाय पैसे वसूल होतायत की वाया जातायत ते कळणारच नाही.

आधी परवानगीचं बोलू. हे पैसे मला तत्त्वतःच पटत नाहीत. गेम पूर्ण किंमत देऊन घेतलाय, नेटचं बिल दर महिन्याला भरतोय, आणि तरी त्याच गेममधला मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत खेळायचा भाग, उघडायला वेगळी फी! एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एक्सबॉक्स लाइव्ह 2002 ला आली तेव्हापासून ही पद्धत सुरू झाली. पीएस3 म्हणजे प्लेस्टेशन 3 वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, पण 2013 मध्ये पीएस4 आला आणि सोनीनेही प्लस सक्तीचं केलं, मग सप्टेंबर 2018 पासून निनटेंडोनेही तेच. सर्व्हरला खर्च येतो म्हणून फी असं बरेचजण सांगतात, पण निनटेंडोच्या स्प्लाटून 2 सारख्या गेममध्ये मॅच चालू असताना खेळाडूंचे कन्सोलच थेट एकमेकांना जोडलेले असतात, आणि जिथं प्रचंड गर्दी असते तो फोर्टनाइट मात्र तिन्ही कन्सोलवर सबस्क्रिप्शनशिवाय चालतो. मग नक्की कुठल्या सर्व्हरचा खर्च आपण देतोय? पीसीवर तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घ्या आणि ऑनलाइन खेळा, अशी फीच नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही बघा की तुम्ही किंवा घरातली पोरं नक्की काय खेळतात. फोर्टनाइट, एपेक्स लेजंड्स, वॉरझोन, रॉकेट लीग, एवढंच चालू असेल तर एक पैसा भरायची गरज नाही. एक्सबॉक्सवर पूर्वी या फुकट गेमलाही गोल्ड, म्हणजे तेव्हाचं एक्सबॉक्सचं सबस्क्रिप्शन, लागायचं, एप्रिल 2021 मध्ये ती अट काढली, पण ते माहीत नसल्यामुळे कितीतरी आईवडील अजूनही पोराच्या फोर्टनाइटसाठी दर महिन्याला पैसे भरत असतात आणि हे बघून खरंच वाईट वाटतं. फायनल फँटसी 14 ला स्वतःची वेगळी मासिक फी आहे, पण प्लेस्टेशनवर त्यासाठी प्लस लागत नाही. याउलट मित्रांचा ग्रुप दर आठवड्याला फुटबॉलचा गेम किंवा विकत घेतलेला कॉल ऑफ ड्यूटी खेळत असेल तर पर्याय नाही, तिथं सगळ्यात खालचा प्लॅन घ्यायचा आणि शक्य असेल तर वर्षाचा एकदम घ्यायचा, महिन्याच्या हिशोबाने तो बराच स्वस्त पडतो. निनटेंडोच्या फॅमिली प्लॅनमध्ये 8 अकाउंटपर्यंत बसतात, चार भावंडं-मित्र मिळून घेतलं तर ते तिघांतलं सगळ्यात परवडणारं ठरतं.

आता लायब्ररी. इथं मात्र मी मनापासून सांगतो की पैसे सार्थकी लागतात, पण कसं वापरता त्यावर आहे सगळं. हाय-फाय रश जानेवारी 2023 मध्ये ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी गेम पासवर आला, तालावर मारामारी करायचा गेम मी दुकानात जाऊन विकत घेतला नसता, आणि तो इतका आवडला की संपेपर्यंत दुसरं काही लावलंच नाही. तसाच स्ट्रे, मांजर होऊन फिरायचा गेम, जुलै 2022 मध्ये पहिल्याच दिवशी प्लसच्या एक्स्ट्रा नावाच्या मधल्या प्लॅनमध्ये होता. दहा तासांच्या आसपास संपणारे, वेगळ्या डोक्याचे, आपण एरवी ज्यांच्यावर पूर्ण किंमत लावायला कचरतो असे गेम, यांच्यासाठी लायब्ररीसारखी सोय नाही. एका महिन्यात असे दोन-तीन आरामात होतात.

पण मोठे गेम? शंभर तासांवर जाणारा पर्सोना 5 रॉयल, किंवा वर्षानुवर्षं परत परत लावावासा वाटेल असा कुठलाही गेम, तो सेलमध्ये विकत घ्या. कारण लायब्ररीतलं काहीच आपलं नसतं. जीटीए 5 चंच बघा, जानेवारी 2020 ला गेम पासमध्ये आला, मे मध्ये गेला, एप्रिल 2021 ला परत आला आणि ऑगस्टमध्ये परत गेला. एका सर्व्हिसवर माझा एक लांबलचक आरपीजी (पात्र घडवत गोष्ट पुढे नेायचा गेम) अर्ध्यात असताना असाच काढून टाकला, सेव्ह फाइल, म्हणजे कुठवर खेळलो त्याची नोंद, जागेवर आहे पण गेमच नाही, आणि पुढची गोष्ट बघायची तर पूर्ण किंमत मोजा! शेवटचा प्रदेश उघडायचा बाकी होता, इतका चिडलो होतो. प्लसमध्ये दर महिन्याला जे गेम मिळतात ते लायब्ररीत टाकून ठेवले की सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंत राहतात, बंद केलं की कुलूप, परत घेतलं की उघडतात. तेवढा तरी प्रकार बरा आहे.

अजून एक, जे किमतीत दिसत नाही. समोर शेकडो गेम असले की अर्धा तास खेळून जरा अवघड बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आला की माणूस दुसरा गेम डाउनलोडला लावतो. विकत घेतलेला गेम आपण चिकाटीने शिकतो, त्याची मजा उशिरा कळते, आणि माझे सगळ्यात आवडते गेम असे उशिरा कळलेलेच आहेत. म्हणून मी लायब्ररी वर्षभर चालू ठेवत नाही. खेळायचे गेम आधी नावानिशी लिहून ठेवतो, सुट्टी असेल तेव्हा एक महिना घेतो, ते संपवतो, बंद करतो.

प्लॅनच्या नावांनी मात्र पार गोंधळ घातलाय. सोनीचे प्लॅन एसेन्शियल, एक्स्ट्रा, प्रीमियम. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2025 मध्ये आपले प्लॅन केले एसेन्शियल, प्रीमियम, अल्टिमेट. म्हणजे एकाकडे प्रीमियम सगळ्यात वरचा आणि दुसऱ्याकडे मधला, मित्राने प्रीमियम घे म्हणून सांगितलं तर आधी कुठलं ते विचारा. त्याच वेळी अमेरिकेत अल्टिमेटची किंमत एका झटक्यात दीडपट झाली. नवा गेम पहिल्या दिवशी हे अल्टिमेटचं मुख्य आकर्षण आहे, पण वर्षातून असे एक-दोनच गेम खेळणार असाल तर ते विकत घेतलेले बरे, स्वतःकडचे दर घेऊन वर्षाच्या फीला त्या गेमच्या संख्येने भागा, दोन मिनिटांचं काम आहे. सोनीच्या प्रीमियमचं तर मला कधीच समाधान वाटलं नाही, जुने क्लासिक गेम आणि ट्रायल (नवा गेम थोडा वेळ खेळून बघणं) यासाठी वरचे पैसे मोजावेत इतकं काही मला त्यात सापडलं नाही, एक्स्ट्रावर थांबा.

आणि सबस्क्रिप्शन घेतल्या दिवशीच ऑटो रिन्यू, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापले जाणं, काढून टाका, भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो. सेव्हचं पण बघा, एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह, म्हणजे कंपनीकडे नेटवर ठेवलेली सेव्हची प्रत, सगळ्यांना फुकट आहे, निनटेंडोवर सबस्क्रिप्शन संपल्यापासून 180 दिवसांत परत घेतलं तर सेव्ह मिळतात. पीएस5 वर जरा सांभाळून, तिथं क्लाउडला प्लस लागतं आणि पीएस5 गेमचा नुसता सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी करता येत नाही, त्यामुळे मुदत संपायच्या आधी हवे ते सेव्ह क्लाउडवरून कन्सोलवर उतरवून घ्या.