एका बाजूला एकच गाणं: प्रोग रॉकच्या एलपी आठ महिने वाजवल्यावर

गेल्या दिवाळीत टर्नटेबल घेतला तेव्हाच ठरवलं होतं की आधी प्रोग रॉकच्या (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) त्याच रेकॉर्ड घ्यायच्या ज्यांच्यात एक गाणं जवळजवळ अख्खी बाजू व्यापतं. आठ महिने झाले, चार एलपी इतक्या वेळा वाजवल्यात की आता लिहायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त वाजलेला पिंक फ्लॉइड या बँडचा मेडल (१९७१). दुसऱ्या बाजूला फक्त एकोज हे गाणं, २३ मिनिटांच्या वर. सुरुवातीला रिक राइटच्या पियानोची ती एकच टिंग, लेस्ली स्पीकरमधून (आवाज फिरवून थरथरवणारा स्पीकर) काढलेली, मग शांतता, मग परत टिंग. त्या शांततेत रेकॉर्डवरचा धुळीचा एक कणसुद्धा टिक्क करून ऐकू येतो, म्हणून ही बाजू लावायच्या आधी ब्रश फिरवल्याशिवाय सुई ठेवतच नाही.

आता जे मला महिन्याभराने कळलं ते सांगतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर ग्रूव्ह (सुई जिच्यातून जाते ती बारीक खाच) सरकतो आणि आत लेबलजवळ जेमतेम २०-२१. म्हणजे शेवटच्या मिनिटांना जागाच कमी मिळते, त्यात गाणं मोठ्ठ्याने संपत असेल तर आवाज फाटतो. एकोज हळूहळू विरत जातं, त्यामुळे विनाइलवर ते शेवटपर्यंत सुंदर वाटतं. जेनेसिस या बँडच्या फॉक्सट्रॉटचं (१९७२) नेमकं उलटं. दुसऱ्या बाजूला आधी स्टीव्ह हॅकेटचा दीड मिनिटाचा गिटारचा छोटा तुकडा, मग सपर्स रेडी, आणि गाण्याचा सगळा कळस अगदी शेवटी. पीटर गॅब्रिएल जीव तोडून गातोय आणि नेमका तिथेच प्रत्येक 'स' खरखरतो, फार वाईट वाटायचं.

यात थोडा दोष सेटिंगचाही होता. दुकानदाराने कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) लावूनच दिलं होतं, "काही बघायला लागणार नाही" म्हणाला, पण प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायचा आखलेला कागद) छापून मोजलं तर कार्ट्रिज चांगलंच तिरकं निघालं. दोन स्क्रू ढिले करून सरळ केलं, सुईचा भार कंपनीने सांगितलाय तेवढा ठेवला, खरखर निम्म्याने गेली. पूर्ण नाही गेली. २४ मिनिटांची बाजू म्हटल्यावर ग्रूव्ह दाटीवाटीने कापावे लागतात, आवाजाची लेव्हलही कमी ठेवावी लागते, म्हणून अशा एलपीला व्हॉल्यूम थोडा वर घ्यावा लागतो आणि मग खालची बारीक खरखर पण वर येते.

येस या बँडचा क्लोज टू द एज (१९७२) या सगळ्यात मला सर्वात नीट बसलेला वाटतो कारण पहिली बाजू १९ मिनिटांच्या आतच संपते, ग्रूव्हना मोकळा श्वास मिळतो. सुरुवातीला पक्षी आणि पाणी, ते वाढत वाढत येतं आणि एकदम सगळा बँड अंगावर कोसळतो, आणि शेवटी परत तेच पाणी. एका रविवारी बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांच्या सगळ्या एलपी शास्त्रीय गाण्याच्या, एका बाजूला एक राग, त्यामुळे वीस मिनिटं एकच गोष्ट ऐकायची सवय त्यांना माझ्यापेक्षा जुनी. मध्यावर रिक वेकमनचा ऑर्गन आला तसा पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "ही पेटी केवढी मोठी असेल रे?" तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला पाइप ऑर्गन आहे हे सांगितल्यावर सुई उचलून परत तिथेच ठेवायला लावली.

जेथ्रो टल या बँडचा थिक अॅज अ ब्रिक (१९७२) पण घ्या, एकच गाणं दोन्ही बाजूंना, मध्ये उठून रेकॉर्ड उलटावी लागते आणि ते उठणं मला आवडायला लागलंय. शेवटी नुसती गिटार आणि आवाज उरतो, त्यामुळे आतल्या ग्रूव्हचा त्रास नाही.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. जूनमध्ये फॉक्सट्रॉटवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते, डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबरने पुसले, कागदी आतली पाकिटं काढून प्लॅस्टिक अस्तराची घातली, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, त्यानंतर आले नाहीत. एकच घ्यायची असेल तर क्लोज टू द एज घ्या, दुसरी मेडल. फॉक्सट्रॉट कार्ट्रिज नीट बसवल्यावरच.