डॅफ्टॉक्सकिट एफ मॅग्ना: द्राक्षपट्ट्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून

मी सांगली जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे. फवारणीच्या दिवसांत मुलं वर्गात येतात तेव्हा त्यांच्या बोटांना मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचा, निळा रंग असतो. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ती हमखास विचारतात, "मॅडम, हे ओढ्यात गेलं तर काय होतं?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता यावं म्हणून आम्ही बेल्जियममधल्या गेंटच्या मायक्रोबायोटेस्ट्स कंपनीचं डॅफ्टॉक्सकिट एफ मॅग्ना हे चाचणीचं किट मागवलं. इतर कॉलेजांतले सहकारी त्याबद्दल विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गोड्या पाण्यातल्या अपृष्ठवंशीयांवर रसायनाचा तात्काळ परिणाम पाहायचा, तर जगभर पहिली चाचणी होते ती डॅफ्निया या इवल्याशा कवचधारी पाणकिड्यावर. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका क्रमांक 202 हीच. 24 तासांपेक्षा लहान पिल्लं घ्यायची, रसायनाच्या चढत्या मात्रांमध्ये 48 तास ठेवायची आणि किती निश्चल झाली ते मोजायचं. निम्मी पिल्लं ज्या मात्रेला निश्चल होतात ती ईसी50. ऐकायला सोपं वाटतं. अडचण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वयाची पिल्लं हातात असण्याची आहे. त्यासाठी वर्षभर डॅफ्निया पाळावे लागतात, त्यांना शेवाळ वाढवून घालावं लागतं, पाणी बदलावं लागतं. पहिल्या विणीची पिल्लं चालत नाहीत. संवर्धनात नर किंवा सुप्त अंडी दिसू लागली, तर जनावरं ताणाखाली आहेत असं समजायचं. दिवाळीच्या सुट्टीत आणि परीक्षांच्या काळात हे कोण सांभाळणार? आमच्या विभागात एकच प्रयोगशाळा सहायक आहे.

किटची सगळी करामत इथेच आहे. डॅफ्निया एरवी नराशिवाय प्रजनन करतात. पण गर्दी झाली, अन्न कमी पडलं, दिवस लहान झाले की नर जन्मतात आणि मादी टणक काळ्या कवचात बंद केलेली सुप्त अंडी सोडते. या कवचाला एफिपियम म्हणतात. तळं आटलं, गोठलं, तरी ही अंडी तग धरतात. गेंट विद्यापीठात गीडो पर्सोने यांनी या सुप्त अंड्यांवर चाचणी उभी करण्याचं काम केलं आणि त्यातून ही किटं आली. एफिपियमच्या छोट्या नळ्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. चाचणी ठरली की अंडी बारीक चाळणीवर धुवायची आणि 20 ते 22 अंश तापमानाला, सहा हजार लक्स सतत प्रकाशात, पेट्रीडिशमध्ये ठेवायची. साधारण तीन दिवसांत पिल्लं पोहायला लागतात. मिलिमीटरभराहून लहान असली तरी प्रकाशाच्या पाटावर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. राईएवढ्या काळ्या कणातून हृदय धडधडणारा जीव निघालेला सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मुलांचे चेहरे उजळतात. माझ्यासाठी किटची निम्मी किंमत तिथेच वसूल होते.

सोबत येणारं साहित्य विचारपूर्वक निवडलेलं आहे. कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट आणि पोटॅशियम क्लोराइडचे संहत द्रव मोजून कुप्यांत भरलेले असतात. ते शुद्ध पाण्यात मिसळले की लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम कठीणपणाचं प्रमाण पाणी तयार होतं. चाचणीआधी दोन तास पिल्लांना देण्यासाठी स्पिरुलिनाची पूड असते, कारण पुढचे 48 तास त्यांना काहीच द्यायचं नसतं. प्लेटमध्ये एका मात्रेला चार खळगे, प्रत्येक खळग्यात 10 मिलिलिटर द्रव आणि पाच पिल्लं. म्हणजे मार्गदर्शिकेला हवे तेवढे वीस जीव बरोबर होतात. पिल्लं आधी वेगळ्या धुण्याच्या खळग्यात सोडायची आणि तिथून चाचणीच्या खळग्यांत न्यायची, म्हणजे पिपेटबरोबर जाणाऱ्या साध्या पाण्याने द्रावण पातळ होत नाही. ही साधी सोय मला फार आवडली. नवख्या मुलांचे आकडे सरळ येण्यात तिचा मोठा वाटा आहे.

मोजणीचा नियम मुलांकडून पाठ करून घ्या. प्लेट हलकेच हलवल्यावर 15 सेकंदांत जे पिल्लू पोहत नाही ते निश्चल, मग त्याचे स्पर्शक हलत असले तरी. रसायन न घातलेल्या पाण्यातल्या कंट्रोलमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त पिल्लं निश्चल झाली, तर पूर्ण चाचणी रद्द. अधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेटची चाचणी लावायची. तिची 24 तासांची ईसी50 लिटरला 0.6 ते 2.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान आली, तर पिल्लं आणि आपला हात दोन्ही ठीक. पैसे वाचवायला ही तपासणी गाळणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. तिच्याशिवाय तुमच्या आकड्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

आता मोरचूद. प्रमाण पाण्यात तांब्याची ईसी50 लिटरला दोन आकडी मायक्रोग्रॅममध्ये येते, आमचीही त्याच पट्ट्यात आली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे माणसाला चालणाऱ्या पाण्यात डॅफ्निया दोन दिवसही काढणार नाहीत असं होऊ शकतं. एक टक्का बोर्डोमध्ये, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणात, शंभर लिटरला एक किलो मोरचूद पडतं, म्हणजे जवळजवळ पाव किलो तांबं. चुन्यामुळे त्यातलं बहुतेक अविद्राव्य होतं हे खरं, पण पिंप आणि पंप ओढ्यावर धुऊ नयेत हे मुलांना आता वेगळं सांगावं लागत नाही. ती घरी जाऊन वडिलांना सांगतात.

हाच प्रयोग आम्ही गावच्या ओढ्याच्या गाळलेल्या पाण्यातही लावला. तांब्याची मात्रा तीच, पण पिल्लं जास्त तगली. कुजलेल्या पाल्यातून आलेली सेंद्रिय द्रव्यं आणि पाण्यातला क्षारधर्म तांब्याला बांधून ठेवतात. मोकळं तांबं कमी राहतं आणि मारतं ते मोकळं तांबं. तेव्हा किटमधून आलेला आकडा त्या प्रमाण पाण्याचा आहे हे अहवालात ठळक लिहा. आपल्या येरळा नदीला तो जसाच्या तसा चिकटवू नका.

माझा खरा आक्षेप किटवर नाही, किटवर सगळा भार टाकण्यावर आहे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आपल्या भागात कुणाला नवीन नाही. डॅफ्निया मॅग्नावर त्याची 48 तासांची ईसी50 लिटरला 85 मिलिग्रॅमच्या आसपास नोंदलेली आहे. एवढा मोठा आकडा पाहून कुणीही म्हणेल, पाण्याला धोका नाही. पण ओढ्याच्या चिखलातल्या कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या आणि दगडाखालच्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या त्याच औषधाने लिटरला काही मायक्रोग्रॅम मात्रेतच गारद होतात. हजारो पटींचा फरक! कीटकांच्या मज्जासंस्थेवर नेम धरलेलं औषध आणि आपण विचारतोय एका कवचधारी प्राण्याला. कीटकनाशक तपासायचं असेल तर ओईसीडी 235 ची कायरोनोमस चाचणी जोडीला हवीच. आणि 48 तास तगलेल्या मादीला पुढे पिल्लं होतात का, हे कळायला 21 दिवसांची 211 क्रमांकाची चाचणी लागते. या किटच्या आवाक्यात ते नाही.

सायपरमेथ्रिनसारखी तेलकट रसायनं या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये करू नका. ती भिंतींना चिकटतात आणि द्रावणात तुम्ही लिहिलेली मात्रा उरत नाही. उडून जाणाऱ्या द्रावकांचंही तेच. तिथे काच, बंद भांडी आणि मात्रेचं प्रत्यक्ष मोजमाप लागतं. कीटकनाशकाच्या सरकारी नोंदणीसाठी अहवाल द्यायचा असेल तर जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडेच जा.

खर्च अंगावर येतो. माल परदेशातून येतो, त्यावर वाहतूक आणि कर, आणि अंड्यांना मुदत असते, त्यामुळे वर्षाचा साठा एकदम घेऊन ठेवता येत नाही. वर्षातून थोड्याच चाचण्या करणाऱ्या कॉलेजला किट परवडतं. दर आठवड्याला चाचणी लावणाऱ्याने संवर्धनच पाळावं. मागवताना अंड्यांच्या नळीवरची मुदत आधी विचारून घ्या आणि मार्च ते मे टाळा. आमचं एक पार्सल कुरिअरच्या गोदामात उन्हाळ्यात पडून राहिलं आणि त्या नळीतून जेमतेम काही पिल्लं निघाली. 20 अंश टिकवायला एसी किंवा थंड इन्क्युबेटर लागेल, वीज जाणार हे धरून इन्व्हर्टरही. साध्या ट्यूबलाइटखाली सहा हजार लक्स मिळत नाहीत, लक्समीटरने मोजून दिवे लावा.

आणि डायक्रोमेटची वापरलेली प्लेट बेसिनमध्ये रिकामी करू नका. त्यात षट्संयुजी, म्हणजे विषारी रूपातलं, क्रोमियम असतं. आमच्याकडे त्यासाठी झाकणाचा वेगळा कॅन आहे, नाव आणि तारीख लिहिलेला, आणि तो घातक कचऱ्याच्या गाडीतच जातो.