प्रोजेक्ट फाइल घ्यावी की प्रॅक्टिकल जर्नल? नववी-दहावीच्या तंत्रज्ञान प्रकल्पासाठी

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की सोलापुरात नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत पालक हटकून प्रोजेक्ट फाइल मागतात. रंगीत बॉर्डरचे सुटे कागद, वर पारदर्शक कव्हर, आत नाव-इयत्ता-हजेरी क्रमांकाचा छापील रकाना. दिसायला देखणी असते. पण मुलांनी स्वतः आराखडा काढून, जोडून, चालवून दाखवायच्या प्रकल्पाला तिचा काही उपयोग नाही. त्याच दुकानात पुठ्ठ्याच्या बांधणीचं साधं प्रॅक्टिकल जर्नल मिळतं, एका बाजूला कोरं आणि दुसऱ्या बाजूला रेघांचं पान असलेलं. तेच घ्यावं.

फाइलचा दोष तिच्या सुटेपणात आहे. चुकलेला कागद काढून टाकता येतो, म्हणून मुलं तो काढतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. परीक्षक मात्र विचारतात, ‘पंपाला वेगळा सप्लाय का दिला?’ उत्तर ज्या पानावर होतं ते पान केराच्या टोपलीत गेलेलं असतं. बांधलेल्या जर्नलमध्ये पान फाडलं की लगेच कळतं. त्यामुळे चूक राहते, तिच्यावर एक तिरकी रेघ येते आणि शेजारी कारण लिहिलं जातं. प्रकल्पाचं खरं मूल्य तिथे दिसतं.

एक ठोस उदाहरण घेऊ. कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून पाणी सोडणारं यंत्र हा शाळांमधला नेहमीचा प्रकल्प. साहित्य थोडं: आर्डुइनो ऊनो बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर), ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर, एक रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच), ३ ते ६ व्होल्टचा छोटा पाण्यात बुडणारा पंप, नळी, सेल. जर्नलच्या पहिल्या कामाच्या पानावर गरज दोन ओळींत लिहावी आणि लगेच आकड्यांतल्या अटी मांडाव्यात: कुंडी किती व्यासाची, एका वेळी किती मिलिलिटर पाणी, पंप जास्तीत जास्त किती सेकंद चालणार. ‘झाडाला योग्य पाणी मिळावं’ ही अट तपासता येत नाही. ‘एका वेळी १०० मिलिलिटर’ ही येते, मापपात्र घेऊन.

कोऱ्या पानाची किंमत यानंतर कळते. डावीकडे पेन्सिलीने सर्किट आणि सांगाड्याचं चित्र, मापं मिलिमीटरमध्ये. उजवीकडे जोडणीचा तक्ता. सेन्सरची वायर बोर्डाच्या ए-झिरो पिनला, रिलेची सातव्या पिनला, वायरचा रंग कोणता, हे सगळं तक्त्यात. फाइलच्या रंगीत कागदावर ही चित्रं बॉर्डरमध्ये कोंबावी लागतात आणि मापं लिहायला जागाच उरत नाही.

आता नेमकं काय बिघडतं ते. पंप सुरू होताच बोर्ड रिसेट होतो, ही तक्रार सर्वांत जास्त. मुलं ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर सगळं चालवतात. मोटर सुरू होताना लागणारा करंट ती बॅटरी देऊ शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. जर्नलमध्ये ‘पंप चालला नाही’ एवढंच लिहू नये. मल्टिमीटर लावून पंप बंद असताना आणि सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज किती, हे दोन आकडे लिहावेत. मग पंपाला चार पेन्सिल सेलचा वेगळा सप्लाय दिला, पंपाच्या मोटरवर उलट दिशेने १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला, असा बदल तारखेसह. रिलेऐवजी ट्रान्झिस्टर वापरला असेल तर दोन्ही सप्लायचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकं, एकमेकांना जोडल्याची नोंद हवीच. ते विसरलं की सर्किट बरोबर दिसतं, पण चालत नाही.

दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. काळी माती वाळली की आकसते आणि भेगाळते. भेग नेमकी सेन्सरच्या पात्याजवळ पडली की पात्याला माती टेकत नाही, हवाच लागते. सेन्सर ‘कोरडं’ सांगत राहतो आणि खाली माती ओली असूनही पंप पाणी ओततच राहतो. ही नोंद फोटोशिवाय पटत नाही. भेगेशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो घ्यावा, म्हणजे भेग किती मिलिमीटर रुंद आहे ते फोटोतच दिसतं. त्याखाली त्या वेळचं सेन्सरचं रीडिंग. कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा कोरड्यात जास्त आणि ओल्यात कमी येतो, पण प्रत्येक नगाचा वेगळा. म्हणून हवेतला आणि पाण्यातला आकडा आधीच लिहून ठेवलेला असावा. (दोन उघड्या काट्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नये. त्यातून वीज वाहते, काटे गंजतात आणि रीडिंग हळूहळू सरकत जातं.)

जर्नलचे तोटेही आहेत. मधे पान घालता येत नाही. फोटो फार चिकटवले की वही फुगते आणि शिलाई सैल होते. ए-फोर कागदावर चार फोटो छापून, कापून, फक्त एका कडेने ग्लू स्टिकने लावावेत. पातळ फेविकॉलने पान सुरकुततं. पानांना क्रमांक बहुधा नसतात, ते पहिल्याच दिवशी हाताने टाकावेत. चौघांच्या गटात एकच जर्नल असतं, तेव्हा त्या दिवशी ज्याने लिहिलं त्याची सही पानाखाली असावी. आणि पेन बॉलपेनच वापरावं. पंपाच्या प्रकल्पात पाणी सांडणारच, जेल पेनची शाई तिथे पसरते.

बिलांबाबत विशेष काळजी घ्यावी. मशीनमधून येणारं चकचकीत कागदाचं बिल उष्णतेने फिकं पडतं आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर कोरंच होतं. आणलं त्या दिवशी झेरॉक्स काढून तीच चिकटवावी. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विद्यार्थी-पुरस्कार योजनेसाठी निवड झाली तर विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये येतात. त्या खर्चाचं पान व्यवस्थित असेल तर शाळेला पुढे धावपळ पडत नाही.

मोबाइल हा जर्नलचा जोडीदार आहे, पर्याय नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले फोटो आकाराने घटतात, बारीक पिनांचे नंबर वाचता येत नाहीत, आणि फोन भरला की कोणीतरी सगळं डिलीट करतं. मूळ फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि जर्नलमध्ये फोटोचा नंबर लिहावा. प्रोग्राम पूर्ण उतरवून घेण्यात अर्थ नाही. ‘आवृत्ती ३: सेन्सरच्या रीडिंगची मर्यादा ४५० वरून ४१०, पंप जास्तीत जास्त ५ सेकंद’ असं बदललेलं तेवढं लिहावं आणि त्याच आवृत्तीच्या नावाने फाइल सेव्ह करावी. ५ सेकंदांची ही मर्यादा भेगेच्या त्रासावरचा उपाय आहे, हे त्याच ओळीत आलं तर परीक्षकाला मागची पानं चाळावी लागत नाहीत.

विकत घेताना मधलं पान उघडून पाहावं. शिलाईची बांधणी घ्यावी, नुसत्या पिना मारलेलं नको. कोऱ्या पानावर बॉलपेनने रेघ मारून ती मागे उमटते का ते बघावं. सुरुवातीला अनुक्रमणिकेची पानं आहेत ना, हेही तपासावं. तारीख, विषय, पान क्रमांक आणि सही हे चार रकाने असले की पुरे.